हिरव्या चिंधीचं इरलं

कासार आंबोलीच्या अलीकडे, रस्त्याला लागून एक हॉटेल झालं आहे. तिथे मी छताला टांगलेलं इरलं पाहिलं. त्याच्या पोटात पिवळा बल्ब पेटलेला होता. शेजारी तसंच दुसरं, पलीकडे आणखी काही. खाली लोक मिसळ खात होते आणि वर कुणी बघत नव्हतं. मी मात्र बसले तेवढा वेळ वरच बघत होते, कारण ही इरली खोटी असणार असा मला संशय होता. बांबूच्या कामट्या फार सारख्या होत्या. हाताने चिरलेल्या कामट्या एवढ्या शहाण्यासारख्या वागत नाहीत. शिवाय पानं कुठेच नव्हती. दोन जाळ्यांच्या मधली पळसाची पानं काढून टाकली, तर इरल्याचं काय उरतं? भातलावणीच्या वेळी पावसात बाई ज्याच्या आडोशाला दिवसभर वाकून उभी राहते, डोक्यापासून कमरेपर्यंत, दोन्ही हात मोकळे ठेवून, ते हे नव्हे. ही नुसती उपडी टोपली होती.

समोर सायली बसली होती. ती महाळुंग्याची. तिच्या आजोबांच्या शेतात आता उंच इमारती आहेत आणि त्यातल्याच एकीत ती राहते. माझ्या कथांवर ती अभ्यास करत होती. आपल्यावर कुणी अभ्यास करतंय म्हटलं की मला आधी खिशात हात घालून काही गेलं का ते बघावंसं वाटतं. तिने माझी पुस्तकं टेबलावर मांडली. प्रत्येकातून रंगीत चिठ्ठ्या बाहेर डोकावत होत्या.

"मॅडम, तुमच्या जवळजवळ प्रत्येक कथेत इरलं आहे," ती म्हणाली. "पुण्यातल्या फ्लॅटच्या कथेतसुद्धा. तिथे ते गॅलरीत आहे."

"असेल."

"मुद्दाम आणता?"

"नाही गं. येतं ते."

"मग तर ॲक्चुअली जास्तच महत्त्वाचं." ती पुढे सरकली. "एखादी वस्तू कथेत एकदा आली तर ती नुसती वस्तू असते. परत आली की ओळखीची होते. आणि येतच राहिली की वाचकाला तिचा संशय यायला लागतो. हिला काहीतरी सांगायचंय आणि ही सांगत नाहीये, असं."

हे मला आवडलं. संशय हा माझा प्रांत आहे.

"तुमचं इरलं नेहमी खुंटीवर असतं. नेहमी कोरडं असतं. आणि त्याच्या टोकाला नेहमी काहीतरी हिरवं. मी लिहिलंय, वाट बघण्याचं प्रतीक. बरोबर?"

बरोबरच होतं. कधी कुणाला सांगत नाही ते मी तिला सांगून टाकलं. माझ्या लहानपणी, एका भातलावणीत, माझी आई घर सोडून गेली. का गेली ते मला नीट माहीत नाही आणि जे अर्धवट माहीत आहे ते मी सांगणार नाही. तिचं इरलं मात्र खुंटीवर राहिलं होतं. टोकाला तिच्या हिरव्या लुगड्याची चिंधी. ते राहिलं, म्हणजे ती येणार होती. पुढे जमलं नसेल, पण यायचं तिच्या मनात होतं. एवढ्यावर मी वाढले.

सायलीने ते लिहून घेतलं नाही, हे तिचं चांगलं. मग म्हणाली, "अजून एक आहे. प्रत्येक कथेत मागे कुठेतरी एक बाई असते. गोणपाटाची खोळ घेतलेली, वाकलेली. तिला नाव नसतं. ती बोलत नाही. ती कशाचं प्रतीक?"

"कशाचंच नाही. लावणीत कुणीतरी गोणपाट घेतंच. देखावा समज."

तिला ते पटलं नाही. पण तिने चिठ्ठी परत पानात सरकवली, चहाचा कप फिरवत राहिली आणि अगदी सहज विचारलं, "मॅडम, भर आषाढात तुमची आई घरातून निघाली आणि इरलं घरातच राहिलं? मग ती डोक्यावर काय घेऊन गेली?"

मी वर बघितलं. बल्ब जळत होता. मी म्हटलं, बिल मागव.

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता, आणि मला तर भाजीवाल्याच्या काट्यापासून डॉक्टरच्या हसण्यापर्यंत सगळ्याचा संशय येतो. त्या दिवसापासून मी स्वतःच्याच आठवणी उलट्यापालट्या करून बघायला लागले.

आमची वाडी पौडच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. चैत्र संपत आला की वरच्या वस्तीतला इरली विणणारा म्हातारा खाली यायचा. अंगणात ओल्या बांबूचा हिरवट, कडू वास भरायचा. कोयत्याने कामट्या चिरतानाचा तो चर्रर्र आवाज दुपारभर चालायचा आणि आम्ही पोरं निघालेल्या सालपटांच्या अंगठ्या करायचो. इरलं अंगावर बेतून घ्यायचं असतं. म्हातारा बाईला पाठमोरी, वाकून उभी राहायला सांगे, डोक्यापासून कमरेखालपर्यंत दोरी धरी आणि गाठ मारी. आईची गाठ सगळ्यांत लांब पडायची. दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेणारी आमच्या घरात ती एकटीच. आणि सगळ्यांत आखूड गाठ बायडाआत्याची. ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण, लग्न होऊन परत आलेली. म्हातारा तिला म्हणायचा, तुला काय, सूप डोक्यावर धरलं तरी पुरंल.

खाचरात मी आईच्या इरल्याखाली शिरायची. वर पाऊस पळसाच्या पानांवर वाजायचा, तव्यात लाह्या फुटाव्यात तसा. आत ओल्या पानांचा तुरट वास, आईच्या घामाचा वास, आणि समोर तिचे हात, गढूळ पाण्यात रोप खोचत मागे मागे सरकणारे. ती मला हाकलायची. मी परत शिरायची. बांधावर खेकडे पळायचे आणि कुणीतरी लांब गाणं धरायचं, त्याचे शब्द पावसात अर्धेच पोचायचे. इरल्यांच्या ओळीत सगळ्याच बायका सारख्या दिसत, म्हणून प्रत्येकीने टोकाला चिंधी बांधलेली असे. मी हिरवी चिंधी बघून धावत जायची.

आई गेली त्या दिवसाची संध्याकाळ मला आठवत नाही. मी पुष्कळ खणून बघितलं. दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते. मी उठले आणि पडवीत खुंटीवर इरलं दिसलं, हिरव्या चिंधीचं, आणि मला हायसं वाटलं. का वाटलं असेल? आदल्या दिवशीपासून ते तिथेच होतं, तर सकाळी एवढं हायसं वाटायचं काही कारण नव्हतं. इथे माझ्या संशयाला पहिली फट सापडली.

मग राबाचं आठवलं. फाल्गुन सरता सरता राब भाजायचा. भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं, तिथे शेण, फांद्या, पाला, गवत, वर माती असे थर लावायचे आणि पेटवून द्यायचं. दोन-चार दिवस सगळ्या खोऱ्यात धूर बसून राही. केसांना, भाकरीला, अंथरुणाला राबाचा वास. गेल्या पावसाळ्यातली कुजकी इरली ह्या थरांतच जायची. वाडीत त्याची रीत होती. जिचं इरलं तिनेच राबात घालायचं. बाई मेलेली असली तर घरातल्या दुसरीने घालायचं. पण बाई नुसती कुठे गेलेली असेल, बाळंतपणाला, कामाला, रुसून, तर तिच्या इरल्याला कुणी हात लावत नसे, मग ते किती का कुजेना. खुंटीवर इरलं आहे म्हणजे बाई यायची आहे.

दर साली राब भाजायच्या दिवशी मी पडवीत पहाऱ्याला बसायची. दादा, म्हणजे माझे वडील, खुंटीकडे एकदा बघायचे. मग आत्याकडे बघायचे. आत्या म्हणायची, "ऱ्हाऊ दे." आणि मी सुटकेचा श्वास टाकायची. दादा प्रत्येक वेळी आत्याकडे का बघायचे? बायकोचं इरलं, त्यात बहिणीला काय विचारायचं?

मी कॉलेजात असताना आई वारल्याची बातमी आली. कुठून आणि कशी, ते राहू दे. रीतीप्रमाणे त्या फाल्गुनात आत्याने आईचं इरलं राबात घालायला हवं होतं. तिने घातलं नाही. मला ते तिचं प्रेम वाटलं, आणि त्यावर मी माझी पहिली कथा लिहिली. आता मात्र मला त्या प्रेमाचाही संशय यायला लागला.

म्हणून मी वाडीला गेले. पिरंगुटच्या गर्दीतून बाहेर पडले तसा खिडकीतून धूर आत आला आणि मला कळलं, राब भाजतायत. वाडीत जाणारा रस्ता डांबरी झाला आहे, वाटेत सुट्टीच्या बंगल्यांची फाटकं आहेत, त्यावर फुलांची नावं. जिथे खाचरं होती तिथे हिरवळ कापत होते. आमच्या घराचे पत्रे जाऊन वर स्लॅब आला आहे. पडवी तेवढी आत्याने मोडू दिली नाही.

आत्या दारात तांदूळ पाखडत बसली होती. मला बघून सूप थांबलं नाही.

"आलीस व्हय. काम काय काढलंस?"

"कामच असायला हवं का?"

"बिनकामाची तू येतीस कवा?" ती म्हणाली. माझ्यावर संशय घेणारी जगात ती एकटीच आहे, आणि तिचा संशय सहसा बरोबर असतो.

तिने चहा ठेवला. चहात साखर नेहमीपेक्षा जास्त होती, म्हणजे तिलाही कशाची तरी चाहूल लागली होती. ती परत सूप घेऊन दारात बसली आणि मी पडवीत गेले. खुंटीवर इरलं होतं. पानं केव्हाच गळून गेलेली. चुलीच्या धुराने कामट्या काळ्याभोर आणि टणक झालेल्या, म्हणूनच ते टिकलं. टोकाला चिंधी होती, हिरवी म्हणायची म्हणून हिरवी. मी ते खाली काढलं आणि डोक्यावर घेतलं.

माझी उंची आईची आहे. सगळे म्हणतात तसं. इरल्याची कड माझ्या पाठीच्या मध्यावर आली. मी वाकून बघितलं, तर निम्मी पाठ उघडीच राहत होती. आषाढात असं इरलं घेऊन आई तासभरसुद्धा लावणी करू शकली नसती.

दारातलं सूप आता थांबलं होतं.

"टोचंल तुला. काढ ते," आत्या म्हणाली.

"तुला टोचायचं ना? म्हणून तू कधी इरलं घेतलं नाहीस. गोणपाट घ्यायचीस."

"व्हय. खांद्याला टोचायचं."

"इकडे ये जरा."

"माजी कंबर धरलीया."

मग मीच गेले. ती आता वयाने वाकली आहे, कायम लावणीला उभी असल्यासारखी. मी ते काळं जाळं तिच्या डोक्यावर ठेवलं. कड बरोबर कमरेखाली येऊन टेकली. म्हाताऱ्याने मारलेली आखूड गाठ, तीच. आत्या हलली नाही. जाळीतून तिच्या पांढऱ्या केसांवर उन्हाचे चौकोन पडले होते.

"हे आईचं नाही," मी म्हटलं.

"न्हाई."

"मग तिचं?"

"ती घिऊन गेली की. पाऊस काय थोडा व्हता का?"

मी खाली बसले. मला राग आला, खरंच सांगते. एखाद्याने आयुष्यभर दार उघडं ठेवावं आणि मग कळावं की तिथे भिंतच होती, तसं झालं. "म्हणजे तिला यायचंच नव्हतं," मी म्हटलं.

आत्याने इरलं डोक्यावरून उतरवून मांडीवर घेतलं. "तिच्या मनातलं मला काय ठावं? इरलं घेतलं ते पावसासाठी घेतलं. त्यात आनिक काय बगतीस?"

"आणि हे खुंटीवर कसं आलं?"

"तू साळंतनं आलीस ती खुंटीकडंच बघाया लागलीस. रिकामी खुंटी. जेवंना, बोलंना, हलंना. तिथंच झोपलीस बसल्या जागी. मग मी माजं टांगलं. तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून बांदली. तुला वळख चिंधीची, मापाची कुटं व्हती?"

"दादांना माहीत होतं?"

"व्हय. त्यो दर साली माज्याकडं बघायचा. मी म्हनायची ऱ्हाऊ दे. आन ती वारली तवा माजंच इरलं माज्या हातानं तिच्या नावानं राबात कसं घालू? जितीजागती मी."

"पुढच्या साली नवं का नाही विणून घेतलंस?"

तेव्हा ती हसली. "आन तू इचारलं असतंस, आत्या, तुजं जुनं राबात कवा गेलं? मी तर बघितलं न्हाई. तू पोरगी न्हाई, फौजदार व्हतीस लई मोटी. म्हनून सांगितलं, टोचतंय मला."

त्या क्षणी मला वास आला. राबाच्या धुरातून, कुठून तरी खालून. ओल्या गोणपाटाचा वास. लावणीच्या दिवसांत संध्याकाळी आत्या घरी यायची तेव्हा तिची खोळ पाण्याने जड झालेली असायची. ती चुलीपुढे वाळत टाकली की वाफ निघायची, आणि त्या वाफेत मी आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. तिचं लुगडं पाठीवर ओलंच असायचं. ती खोकायची तेव्हा माझं डोकं हलायचं. मला अजूनही पावसाळ्यात झोप लागत नसली तर मी नकळत तो वास शोधते. पळसाच्या पानांच्या वासावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. गोणपाटाच्या वासावर एक ओळ नाही. आणि तरी ती खोळ प्रत्येक कथेत मागे येऊन उभी राहिलेली आहे, मी न बोलावता, भिजत. माझं इरलं नेहमी कोरडं का असतं, हे सायलीला मी आता सांगू शकले असते. ते जिचं, ती बाहेर पावसात असायची.

प्लॅस्टिकचे कागद यायला लागले तोपर्यंत आत्याने किती पावसाळे गोणपाटात काढले, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, आता मोजत बसतीस व्हय.

बाहेर शेजारची सून राब भाजत होती. आत्या इरलं हातात घेऊन उठली, भिंतीला धरत अंगणात आली. "आता समदं उलगडलंच हाय, तर घालते ह्ये. माजं हाय, माज्या हातानं घालाया कुनाची ना न्हाई. किती दीस टांगून ठिवायचं?"

ती बांधापर्यंत पोचली. मी मागून जाऊन इरल्याची कड धरली.

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. दादा तिच्याकडे बघायचे तसं.

मी टोकाची चिंधी सोडायला लागले. गाठ धुराने आवळली होती, नखाने निघेना, शेवटी दातांनी सोडवली. चिंधी हातात आली ती राखेसारखी हलकी होती. ती मी राबाच्या कडेला, पाला धुमसत होता तिथे ठेवली. घरातली दुसरी बाई मीच होते. ज्योत आलीच नाही. चिंधी काळी पडली आणि पाल्यात कुठली ती ओळखू येईना. मी रडले. आत्या जवळ उभी राहिली.

मग इरलं परत आणून खुंटीवर टांगलं. आत्या म्हणाली, बिनचिंधीचं उघडं दिसतंय. आणि पदराच्या कोपऱ्याकडे बघत राहिली, फाडावा की नाही असं. तिचा पदर साधा, तांबडा होता. मीच कात्री आणून दिली.

परतीच्या वाटेवर, घोटावड्याच्या फाट्याला गर्दीत अडकले असताना सायलीचा फोन आला. तिचं लिखाण द्यायचं होतं आणि तिला घाई होती.

"मॅडम, त्या दुसऱ्या प्रतिमेचं काय लिहू? गोणपाट घेतलेली बाई. तुम्ही देखावा म्हणालात, पण मला पटत नाहीये."

"बायडा," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"नाव आहे तिचं. बायडा. माझी आत्या. इरलं तिचं होतं."

पलीकडे काही वेळ पानं उलटल्याचा आवाज येत राहिला.

"मॅडम," ती हळू म्हणाली, "पण ही तर प्रत्येक कथेत आहे. पहिल्यापासून."

"हो," मी म्हटलं. "ती कुठे गेलीच नव्हती."